रोपांनी झाड फिटते काय?

गेल्या डिसेंबरात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचे निमंत्रण आम्हांस आले. वसईतील ज्या धर्मग्रामात ही शाळा आहे, तेथे पूर्वी काही वर्षे आम्ही प्रमुख धर्मगुरू होतो आणि शाळेचे व्यवस्थापकपदही आमच्याकडेच होते. त्यामुळे जाताना मनात थोडासा माहेरपणाचा भाव होता. खाण्याच्या सोड्याचे ज्वालामुखी, वाळू-कोळशाची गाळणी, पुठ्ठ्याची पवनचक्की असे सारे कौतुकाने पाहून झाल्यावर आठवीच्या मुलामुलींनी आम्हांला एका तक्त्यापुढे उभे केले. त्यांनी शाळेच्या आवारातील प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर शिंप्याच्या फितीने मोजला होता, काठीच्या सावलीवरून झाडाची उंची काढली होती आणि ते आकडे सूत्रात घालून प्रत्येक झाडाने आपल्या लाकडात किती कर्ब साठविला आहे, हे किलोग्रॅममध्ये मांडले होते. खाली लाल शाईत बेरीज होती आणि तिच्याखाली लिहिले होते की, आमच्या शाळेने हवेतील एवढा कार्बन डायऑक्साइड बंदिस्त करून ठेवला आहे.

मुलांचे गणित बरोबर होते. सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग कर्बाचा असतो. कर्बाचे वजन १२ धरले तर त्यापासून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे ४४ भरते. म्हणजे लाकडातील एक किलो कर्बामागे हवेतून सुमारे ३.६७ किलो वायू काढून घेतला गेला, असा हिशेब होतो. आम्ही शाबासकी दिली, हस्तांदोलने केली. तक्त्यावर तेवीस झाडे होती. चोविसावे नव्हते, कारण ते २०१२ सालच्या मे महिन्यात पडले. आणि ज्या कागदाच्या आधाराने ते पडले, त्यावर सही आमची आहे.

ते झाड वर्षावृक्षाचे होते. संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आले की पाने मिटून घेणारे, गुलाबी झुपक्यांची फुले अंगणभर पसरणारे, चिकट गोड शेंगांनी मुलांच्या चपला भरविणारे ते झाड वसईच्या वाचकांना ठाऊक आहे. दोन मोठ्या माणसांच्या कवेत ते जेमतेम मावे. शाळा बांधली तेव्हाच ते लावले, असे जुनी माणसे सांगत. म्हणजे वय साठीच्या घरातले.

ते का तोडले, हे सांगितले पाहिजे. शाळा तेव्हा दोन अधिवेशनांत भरे. दुपारच्या अधिवेशनातील मुली हिवाळ्यात दिवेलागणीनंतर घरी पोहोचत आणि दूरच्या पाड्यांवरील काही पालक एवढ्याच कारणास्तव सातवीनंतर मुलीला घरी बसवीत. आठ वर्गखोल्यांची गरज खरी होती. अभियंत्याने दोन आराखडे आणले होते. एकात इमारत सरळ रेषेत झाडाच्या जागेवर येत होती. दुसऱ्यात ती काटकोनात वळून झाडाला बगल देत होती. मात्र व्हॉलीबॉलचे मैदान जात होते आणि पायाचा खर्च वाढत होता. अर्थसमितीची बैठक सकाळच्या मिस्सानंतर झाली आणि नाश्त्याआधी संपली. दुसरा आराखडा आम्ही गुंडाळून कपाटावर ठेवला. रीतसर परवानगी मिळविली, लाकूड व्यापाऱ्याला विकले. वर्षावृक्षाच्या लाकडाला कोण भाव देणार? ते वीटभट्टीवर गेले. त्याच वर्षी ५ जूनला मुलांच्या हातून आम्ही चाळीस रोपे लावून घेतली, प्रवचनात त्याचा उल्लेख केला आणि एकाच्या बदल्यात चाळीस दिल्याचे समाधान मानून स्वस्थ झोपलो.

त्या रात्रीच्या झोपेविषयी आज प्रश्न पडतो. एका झाडाची परतफेड रोपांनी होते काय? प्रश्न शास्त्रज्ञांचा वाटतो, परंतु मुळात तो परतफेडीचा म्हणजे न्यायाचा आहे. शेजाऱ्याचा बैल चोरणाऱ्याने नुसते पापनिवेदन करून भागत नाही, बैल परत द्यावा लागतो, हे आपल्या घरातील पहिल्या कम्युनियनच्या वर्गातील मूलही सांगेल.

हा हिशेब मांडण्याआधी झाड कशाचे बनते, ते पाहू. शेकडो वर्षे विद्वानांची समजूत होती की झाड माती खाऊन वाढते. ब्रुसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या वैद्याने ती तपासून पाहिली. त्यांनी भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती एका मातीच्या कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचे विलो झाडाचे रोप लावले आणि पाच वर्षे पावसाचे पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर केवळ दोन औंस कमी भरली. व्हान हेल्मोंट यांनी निष्कर्ष काढला की लाकूड निव्वळ पाण्यापासून बनते. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द याच गृहस्थांनी प्रचारात आणला. ६२ पौंड कोळसा जाळल्यावर एक पौंड राख उरते, बाकीचे अदृश्य रूपाने निघून जाते, हे त्यांनी पाहिले आणि त्या अदृश्य वस्तूला नाव दिले. तो वायू म्हणजेच आपला कार्बन डायऑक्साइड. एका हाताने त्यांनी लाकडातून वायू निघताना पाहिला, दुसऱ्या हाताने कुंडीत लाकूड वाढताना पाहिले; परंतु दोन्ही हातांची गाठ त्यांना पडली नाही. (एका पुस्तिकेपायी आमच्याच ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांची खप्पामर्जी होऊन ते काही काळ स्वतःच्या घरात स्थानबद्ध होते, हेही नमूद करावे. त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, मुलाने प्रसिद्ध केले.) पुढे इंगेनहाउझ यांनी १७७९ साली सूर्यप्रकाश आणि हिरवी पाने यांचे कार्य दाखविले, जिनिव्हाचे पाळक सेनेबिए यांनी हवेतील या वायूचे आणि द सोस्यूर यांनी १८०४ साली वायू व पाणी या दोहोंचे माप घेतले. झाडाचा देह मुख्यतः हवेतून आणि पाण्यातून येतो. आमचा वर्षावृक्ष म्हणजे साठ वर्षे शाळेवरून वाहत गेलेल्या वाऱ्यातून कणाकणाने वेचलेला कर्ब होता.

आता गणित. प्रदर्शनाहून परतल्यावर आम्ही एका जुन्या छायाचित्रावरून आणि तेव्हाच्या मोजणीच्या कागदावरून त्या झाडाचे आकडे काढले : घेर तीन मीटर, उंची अठरा मीटरच्या आसपास. मुलांच्याच सूत्राने जमिनीवरील सुके लाकूड सुमारे चार टन भरते. त्यात कर्ब दोन टन, म्हणजे हवेतून घेतलेला वायू सात टनांहून अधिक. मुळे निराळीच. चाळीस रोपांपैकी आज अकरा उभी आहेत. काही शेळ्यांनी खाल्ली, काही क्रिकेटने. परंतु बहुतेक मेली ती मे महिन्यात. शाळेची सुट्टी नेमकी वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत असते आणि पाणी घालणारे सारे हात मामाच्या गावाला जातात, हा साधा विचार ५ जूनच्या उत्साहात कोणाच्याही मनात आला नव्हता. त्या अकरा झाडांचे मिळून लाकूड आज सहाशे-सातशे किलो आहे. बारा-तेरा वर्षांनंतर आमची परतफेड रुपयाला तीन आणे इतकीही झालेली नाही.

याचे कारण सूत्रातच आहे. झाडाचे वजन घेराच्या वर्गाच्या पटीत वाढते. घेर दुप्पट झाला की तेवढ्याच उंचीला लाकूड चौपट. शिवाय अनेकांची अशी समजूत असते, आमचीही होती, की म्हातारे झाड वाढायचे थांबते आणि तरुण रोप झपाट्याने कर्ब ओढते. २०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ४०३ जातींच्या झाडांच्या मोजणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक जातींत झाड जितके मोठे तितकी त्याच्या वजनातील वार्षिक भर अधिक, असे त्यात दिसले; एखादा महावृक्ष वर्षभरात एका मध्यम झाडाएवढे लाकूड स्वतःवर चढवितो. म्हणजे आम्ही तोडले ते केवळ साठविलेले भांडार नव्हते. ते ऐन कमाईच्या वयात असलेले कर्ते माणूस होते.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला संत थॉमस अक्वायनस यांचे परतफेडीविषयीचे विवेचन आम्ही घोकले होते. ते ‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, ६२ व्या प्रश्नात येते. तेथे थॉमस एक भेद करतात. ज्याने शेतात बी पेरले आहे त्याच्यापाशी पीक आहे, परंतु ते प्रत्यक्ष नाही, बीजरूपाने आहे. आणि बी व पीक यांच्यामध्ये अनेक विघ्ने येऊ शकतात. म्हणून पेरलेले बी उपटणाऱ्याने संपूर्ण पिकाची भरपाई द्यावी, असे ते म्हणत नाहीत. परिस्थिती पाहून उचित तेवढी द्यावी, असे म्हणतात. थॉमस यांनी हा भेद ऋणकोला थोडी सवलत देण्यासाठी केला. आम्ही तो उलट्या बाजूने वाचतो. बी उपटणाऱ्यावर जर पूर्ण पिकाचा भार नाही, कारण बी म्हणजे पीक नव्हे, तर उभे पीक कापून नेणारा मूठभर बी देऊन मोकळा कसा होईल? आम्ही प्रत्यक्ष घेतले आणि बीजरूपाने दिले. मधली विघ्ने, म्हणजे शेळ्या, क्रिकेट आणि मे महिना, आमच्या खात्यावर न घेता रोपांच्या नशिबावर टाकली.

कायद्यालाही हे कोडे सुटले आहे, असे आम्हांला वाटत नाही. तथापि त्याने प्रयत्न केला आहे. महाराष्ट्राने २०२१ साली शहरी भागातील झाडांविषयीच्या १९७५ च्या कायद्यात दुरुस्ती केली. पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि झाड तोडावे लागले तर त्याच्या वयाची जितकी वर्षे तितकी झाडे, तीही सहा ते आठ फूट उंचीची, लावून सात वर्षे सांभाळावीत, असे ठरविले. आमच्या वेळी हा नियम असता, तर चाळिसाऐवजी साठ लावावी लागली असती आणि मुख्य म्हणजे सात मे महिने पाणी घालावे लागले असते. नियम चांगला आहे. पण त्यातील वर्षांच्या जागी झाडे मांडण्याची किमया आम्हांला अजून कळत नाही. साठ वर्षे एकामागून एक येतात. साठ रोपे एकाच दिवशी येतात. साठ बालकांना एका ओळीत उभे केले म्हणून त्यांचा एक आजोबा होत नाही. आणि राज्याने २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले तेव्हाही ते लावण्याचेच होते. आपण सारे लावणीचे भोक्ते. पाणी शेंदणारा कोणाच्या छायाचित्रात येत नाही.

मग ऋण कोणाचे? थॉमस यांच्या मते न्याय हा व्यक्ती-व्यक्तींमधला असतो. झाड हे धनको होऊ शकत नाही. हे मान्य केले तरी सुटका नाही. गेली बारा-तेरा वर्षे जी मुले कवायतीच्या तासाला उन्हात उभी राहिली, ती एक धनको. आणि जी अजून जन्मलीच नाहीत, ती दुसरी. भट्टीतून वर गेलेल्या वायूचा काही भाग समुद्र आणि झाडे शोषून घेतील, परंतु एक भाग शेकडो वर्षे, त्याहून अल्प अंश हजारो वर्षे हवेत राहणार आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत; त्यात आमच्या सात टनांची गणती ती काय, असे कोणी म्हणेल. थेंबाने समुद्र वाढत नाही हे खरे, पण आमचा थेंब त्यात आहे. ज्याचे देणे लागतो तो सापडत नाही, तेव्हा काय करावे, हाही प्रश्न थॉमस यांनी त्याच ठिकाणी घेतला आहे. ते म्हणतात, धनको अज्ञात असला तरी देणे बुडत नाही. त्याच्या कल्याणार्थ दानधर्म करून शक्य तेवढे फेडावे. अजून न जन्मलेल्या बालकाइतका अज्ञात धनको दुसरा कोण असणार?

येथवर आम्ही लाकडाविषयी बोललो, कारण मुलांच्या तक्त्यावर लाकूडच होते. व्हान हेल्मोंट यांच्याच टिपणातील एक वाक्य मात्र आम्हांला अधिक बोचते. पाच वर्षांतील चार पानगळींत जी पाने गळून पडली, त्यांचे वजन आपण धरलेले नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. आमच्या हिशेबातूनही तीच पाने गळली आहेत. आणि माती पानांवर जगते.

पृथ्वीवरील मातीत जो कर्ब आहे, तो वातावरण आणि सर्व वनस्पती यांच्यातील एकत्रित कर्बाहून अधिक आहे. शेतकरी त्याला सेंद्रिय कर्ब म्हणतात आणि माती परीक्षणाच्या कागदावर प्रथम तोच आकडा पाहतात. तो मातीत जातो कसा? पाने गळतात, बारीक मुळे मरतात आणि पुन्हा फुटतात, मुळांतून साखर पाझरते. गांडुळे, वाळवी, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जीव हे सारे खातात आणि खाल्लेल्यातील बराचसा कर्ब श्वासावाटे हवेत परत सोडतात. थोडासा भाग मातीच्या कणांना चिकटून मागे राहतो. आपल्या किनाऱ्यावरील उष्ण, दमट हवेत हे कार्य इतके वेगाने होते की जून महिन्यातला पाचोळा दिवाळीला ओळखू येत नाही. म्हणून मातीचा कर्ब पेटीत ठेवलेल्या सोन्यासारखा नाही. तो दुधाच्या रतिबासारखा आहे. वरून रोजचा रतीब येत राहिला तरच घर चालते. रतीब बंद झाला की माती आपल्याच अंगातले खाऊ लागते, आणि हे उपोषण कोणाच्या नजरेस येत नाही.

आमच्या वर्षावृक्षाचा रतीब भरघोस होता. तो शेंगवर्गीय, म्हणजे मूग-वालाच्या कुळातला. हवेतील नत्र मुळांवरील गाठींत बांधणारा. त्याच्याखालची माती मऊ, काळसर आणि भुसभुशीत होती. पहिल्या पावसाचे पाणी तेथे साचत नसे, मुरून जाई. मुळांनी आणि गांडुळांनी पाडलेल्या असंख्य वाटा त्याला मोकळ्या होत्या. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली आयुष्यातले शेवटचे पुस्तक लिहिले, ते गांडुळांवर. ज्या माणसाने जीवसृष्टीच्या उगमावर जगभर वादळ उठविले, त्याला अखेरीस गांडुळांच्या विष्ठेचे वजन करावेसे वाटले, याचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटते.

हे सारे आज म्हणता येते. त्या काळी आमची कर्तबगारी अशी, की झाड उभे होते तेव्हाही त्याचा रतीब आम्ही मातीपर्यंत पोहोचू दिला नाही. शाळेचे जुने शिपाई रोज पहाटे खराट्याने अंगण लख्ख झाडीत आणि पाचोळ्याचा ढीग कुंपणाजवळ पेटवीत. त्या धुराचा वास आमच्या सकाळच्या मिस्साला येई आणि शाळा स्वच्छ आहे म्हणून आम्ही संतुष्ट असू. कोकणातला शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, त्याला निदान त्या राखेचा आणि तणनाशाचा हिशेब असतो. आमच्या जाळण्याला कोणताच हिशेब नव्हता, केवळ टापटिपीची हौस होती. आजही कितीतरी शाळांत आणि, सांगायला संकोच वाटतो, चर्चच्या आवारांत हेच चालते.

झाड पडल्यानंतर तिसऱ्या पावसाळ्यात नव्या इमारतीपुढील जमीन ठिकठिकाणी खचली. मुळे आत कुजत होती. त्यांच्यातला कर्ब गुपचूप वर जात होता आणि त्यांच्या पोकळ्या बसत होत्या. पाण्याची डबकी साचू लागली, डास झाले, पालकांच्या तक्रारी आल्या. आम्ही फरशा बसविल्या. खराटा धरून उभ्या असलेल्या शिपाईकाकांनी तेव्हा एवढेच म्हटले, “फादर, झाड होतं तेव्हा इथं पाणी कधी थांबलं नव्हतं.” आम्ही त्यांना चहा पाजला. दुसरे काही सुचले नाही.

येथे कोणी असे समजू नये की झाड म्हटले की मातीचे भलेच होते. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या उत्साहात निलगिरीच्या रांगा लावल्या गेल्या. त्यांच्याखाली गवतही धड उगवत नाही, हे गावकऱ्यांनी लवकरच पाहिले. कोणत्या जमिनीत कोणते झाड, हा विवेक हवाच.

तक्त्याखालच्या लाल अक्षरांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलांचा अभिमान निरागस होता. परंतु मोठ्या माणसांच्या हाती तो पडला, तर त्याचे काय होईल याची आम्हांला भीती वाटते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी मोटार साधारण ४५ हजार किलोमीटर गेली की आमच्या वर्षावृक्षाने साठ वर्षांत जमविलेले सारे वेचून होते. ते अंतर एका कुटुंबाची गाडी चार-पाच वर्षांत सहज कापते. रविवारी दुसऱ्या मिस्साला आवारात किती गाड्या उभ्या असतात, हे वाचकांनी स्वतः मोजावे. तेव्हा शाळेतील तेवीस झाडे आपल्या गाड्यांचे देणे फेडत आहेत, असे मानणे म्हणजे शुद्ध आत्मवंचना आहे. आमच्या ख्रिस्तसभेला या प्रकारच्या व्यवहाराचा जुना आणि लाजिरवाणा अनुभव आहे. क्षमापत्रांच्या नावाखाली पैसे घेण्याचा बाजार एके काळी इतका माजला की युरोप त्यावरून दुभंगला. अखेर पोप पायस पाचवे यांनी १५६७ साली पैशांशी जोडलेली अशी सर्व क्षमापत्रे रद्द केली. झाडांची क्षमापत्रे निघू लागली, तर ती ओळखण्यात निदान आपण तरी चुकू नये. आवारातील झाड सावलीसाठी, मातीसाठी, पाखरांसाठी, पाणी मुरण्यासाठी आणि कर्बाच्या वाट्यासाठीही हवे. पण दुसऱ्याच्या धुराची पावती म्हणून नको.

मग २०१२ साली आम्ही केले ते पाप होते काय? हा प्रश्न आम्ही आमच्या पापनिवेदकापुढेही ठेवला आहे आणि त्यांनी तो आमच्याकडेच परत सोपविला. आठ खोल्या झाल्या, दुपारचे अधिवेशन बंद झाले आणि ज्या मुली सातवीनंतर घरी बसल्या असत्या, त्यांतील काही आज परिचारिका आहेत, एक त्याच शाळेत शिक्षिका आहे. आठवीच्या मुलांकडून झाडे मोजून घेणारी तीच. तिला शिकविणे आणि झाड राखणे यांत निवड करावीच लागली असती, तर आम्ही आजही सही केली असती. आमचे दुखणे वेगळे आहे. तशी निवड करावी लागतच नव्हती. दुसरा आराखडा होता. त्याची किंमत व्हॉलीबॉलचे मैदान आणि काही पैसे एवढीच होती, आणि ती किंमत झाडाच्या किमतीशी ताडून पाहण्याइतका वेळही आम्ही दिला नाही, कारण झाडाची किंमत आम्ही शून्य धरली होती. आणि नंतर चाळीस रोपे लावून ते शून्यही फेडले, असे जाहीर केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आम्ही विशीत होतो आणि इतरांनी तोडलेल्या झाडांविषयी आम्हांलाही मोठा संताप होता. आपल्या सहीच्या वेळी तो कोठे गेला, कोण जाणे.

सांप्रत ज्या धर्मग्रामात आमची नेमणूक आहे, तेथील शाळेपुढे पुन्हा तसाच प्रसंग आहे. मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचे आहे. ते हवेच, त्यात दुमत नाही. सोयीची जागा नेमकी जुन्या चिंचेची आहे. मागच्या भिंतीशी बांधले, तर सांडपाण्याची नळी लांब न्यावी लागते आणि खर्च वाढतो. शिवाय पावसाळ्यातील चिखलाला कंटाळून काही पालकांनी संपूर्ण पटांगणावर पेव्हर ब्लॉक बसविण्याची सूचना केली आहे. मुलांचे गणवेश धुणाऱ्या आयांचा त्रास आम्ही हसण्यावारी नेत नाही. फाटकापासून वर्गांपर्यंतची वाट फरसबंद करू, एवढे आम्ही कबूल केले आहे. झाडांच्या बुंध्यांभोवतीची माती मात्र उघडीच राहील.

या वेळी दोन्ही आराखडे खर्चाच्या आकड्यांसह महिनाभर चर्चच्या सूचनाफलकावर लावले आहेत आणि चिंचेचा घेर, उंची, तिच्या लाकडातील कर्ब हे आकडे सातवीच्या मुलांनी काढून त्यांच्या शेजारी चिकटविले आहेत. मुलांनी आणखी एक उद्योग केला. दोन्ही बाजू उघड्या असलेला पत्र्याचा डबा चिंचेखाली आणि पटांगणाच्या मध्यावर मातीत रोवून त्यांनी प्रत्येकी एक तांब्या पाणी ओतले. चिंचेखालचे पाणी हजेरी संपेपर्यंत मुरले. पटांगणावरचे मधल्या सुट्टीतही डब्यातच होते. नळीच्या वाढीव खर्चासाठी एका आजीबाईंनी लिफाफा आणून दिला आहे. बाकीची रक्कम जमेल की नाही, ठाऊक नाही. समितीतील दोघांचे मत अजूनही चिंच तोडावी असेच आहे आणि ती दोन्ही माणसे सज्जन आहेत.

पाचोळा जाळणे मात्र कोणाला न विचारता आम्ही बंद केले. त्यावर दोन पालकांची पत्रे आली आहेत. एकात शाळेत कचरा दिसतो अशी तक्रार आहे, तिला उत्तर दिलेले नाही. दुसऱ्यात पाचोळ्यात विंचू निघेल, असे लिहिले आहे आणि ते म्हणणे खरे आहे. म्हणून मुले खेळतात तेथून दूर, मागच्या कुंपणाजवळच्या चार झाडांखाली, पाचोळ्याचा वीतभर थर ठेवायचा आणि त्यात कोणी पाय घालू नये म्हणून विटांची कड लावायची, असे ठरले आहे. शिपाईकाकांना त्यासाठी एक मोठी पाटी आणून दिली. खराटा त्यांनी सोडलेला नाही. पाने भरून नेल्यावर ते अंगण पूर्वीसारखेच लख्ख झाडतात.